हिवाळ्याचं पुस्तक आणि दाराची कडी

सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात, डिसेंबरच्या सांजेला, शाली-मफलर गुंडाळून आपण इतके जण आलात. विषय तसा लहान आहे. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला मांडीवर घेऊन हिवाळ्यात वाचायचं चित्रपुस्तक निवडायचं कसं? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. ही पुस्तकं आमच्या हाती आली ती नातवंडांमुळे.

सुरुवात आमच्या चुकीपासून करू. नातीसाठी आम्ही हौसेनं हिवाळ्याची पुस्तकं आणली. प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर बर्फ. चार दिवस तिनं मन लावून ऐकलं. पाचव्या दिवशी शेकोटीपाशी बसल्या बसल्या विचारलं, "आबा, आपल्याकडं हिवाळा कधी येणार?" शेतात तूर उभी होती, कपाशीची वेचणी चालू होती, अंगावर दोन स्वेटर होते. तरी पोरीच्या लेखी हिवाळा यायचाच होता! तिचा स्वतःचा गारठा आम्ही आणलेल्या पुस्तकांनी रद्द करून टाकला होता.

आपल्या न्यायशास्त्रात लक्षणाचे दोष सांगितले आहेत. जे यायला हवं ते लक्षणातून सुटलं, तर अव्याप्ती. जे यायला नको तेही आत शिरलं, तर अतिव्याप्ती. 'बर्फ म्हणजे हिवाळा' ही अव्याप्ती झाली, कारण आपला हिवाळा तिच्यातून सुटतो. आणि 'गुबगुबीत अस्वल, मऊ रंग म्हणजे ऊब' ही अतिव्याप्ती. असं अस्वल साबणाच्या वेष्टनावरही असतं.

मग बर्फाची पुस्तकं टाकून द्यायची का? मुळीच नाही. एझ्रा जॅक कीट्स यांचं 'द स्नोई डे' बघा. १९६२ सालचं अमेरिकन पुस्तक, १९६३ चं कॅल्डेकॉट पदक मिळालेलं. पीटर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा दिवसभर बर्फात खेळतो आणि उद्यासाठी बर्फाचा एक गोळा खिशात ठेवून घरी येतो. ऊबदार घरात गोळा विरघळतो. खिसा रिकामा बघून पीटर हिरमुसतो. बर्फ न पाहिलेल्या लेकरालाही हे कळतं, कारण जपून ठेवलेलं काहीतरी हरवणं त्याला ठाऊक आहे. इथं बर्फ सजावटीला नाही, त्याच्यावाचून गोष्टच घडत नाही. आमची पहिली कसोटी हीच. चित्रातली थंडी काढून टाकली आणि गोष्ट तशीच राहिली, तर ते हिवाळ्याचं पुस्तक नव्हे.

आता दुसरी कसोटी. ती आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. युक्रेनमध्ये हातमोज्याची लोककथा आहे. एवगेनी राचोव यांनी तिला काढलेली चित्रं फार गाजली. म्हाताऱ्याचा हातमोजा बर्फात पडतो. त्यात उंदीर शिरतो, मग बेडूक, ससा, कोल्हीण, लांडगा, रानडुक्कर आणि शेवटी अस्वल. जागा नसतेच, तरी प्रत्येक जण सरकून घेतो. आपल्या एसटीत तीन जणांच्या बाकावर चौथा बसतो ना, तसं. मूल पानागणिक हसतं आणि विचारतं, आता हा कसा मावणार? आत आहेत त्यांची ऊब आत येणाऱ्यामुळे वाढतच जाते.

याच्या शेजारी आपली चिऊ-काऊची गोष्ट ठेवा. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं. तो मेणाच्या घराचं दार वाजवत राहतो आणि आतून एकामागून एक सबबी येतात. ही गोष्ट ऐकतच आपण वाढलो. तिच्यातली ऊब मात्र कडी लावलेल्या दाराआडची आहे. गोष्ट वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. लेकरू मध्येच विचारतं, "काऊ भिजतोय ना?" त्या प्रश्नासाठी ती जरूर सांगावी. पण 'गप ऐक' म्हणून पान उलटू नये.

ही बाब पुस्तकापुरती नाही. आपल्या गोधडीत मूल ऐकत असतं, तेव्हा वेचणीला आलेल्या मजुरांची लेकरंही याच गारठ्यात असतात. ऊब म्हणजे आपण आत आणि बाकीचे बाहेर, असं मूल मांडीवर शिकलं, तर पुढं नीतिशास्त्राचे आमचे तास काय कामाचे?

निवडताना एक साधा उपाय करा. मजकुरावर हात ठेवा आणि नुसती चित्रं बघा. मूल वाचतं ती चित्रं, अक्षरं आपण वाचतो. रेमंड ब्रिग्ज यांच्या १९७८ च्या 'द स्नोमॅन'मध्ये तर गोष्टीला शब्दच नाहीत. शेवटी हिममानव वितळतो. मोठी माणसं घाबरून ते पान लपवतात. लपवू नका. लेकराला दुःख पेलतं, फक्त शेजारी कुणीतरी असावं लागतं.

आणि हिवाळ्याचं पुस्तक नाहीच मिळालं तर? माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' घ्या. त्यात बर्फ नाही, शेकोटीची गरज नाही. आहेत ती घरातली माणसं, राधाच्या नजरेतून. गारठा आपल्या अंगणात आहेच, तो पुस्तकातून आणायची गरज नाही.

नातीला आम्ही शेवटी एक कोरी वही दिली. तिनं शेकोटी काढली, भोवती आम्ही सगळे, आणि एका कडेला रिकामी जागा. ती कुणाची, म्हणून विचारलं. म्हणाली, "जो येईल त्याची."