आज्ञाधारकाचे चरित्र

हारुकी मुराकामी या जपानी कादंबरीकारांचे धावण्याविषयीचे आठवणींचे पुस्तक 2007 साली प्रसिद्ध झाले. त्यात तोशिहिको सेको या विख्यात मॅरेथॉनपटूंच्या वाट्यास जेमतेम पानभर मजकूर आला आहे. सेको यांनी शर्यती सोडल्या होत्या आणि ते 'एस अँड बी' या मसाल्यांच्या कंपनीच्या धावपटूंचे प्रशिक्षक झाले होते, त्या सुमारास मुराकामी त्यांस भेटले. आपल्यासारख्यांसही 'आज धावणे नको' असे कधी वाटते काय, असे त्यांनी विचारले. हा काय विचारण्याचा प्रश्न झाला, अशा सुरात सेको उत्तरले की, वाटते तर, नेहमीच वाटते!

प्रसंग एवढाच, परंतु सेकोंविषयी अन्यत्र जे लिहिले जाते त्याशी तो ताडून पाहिला म्हणजे त्याचे मोल कळते. तेथे आढळतो तो निस्सीम गुरुभक्त. एकलव्याच्या कथेवर वाढलेल्या आम्हां वाचकांस हे चित्र ताबडतोब पटते, आणि म्हणूनच ते जरा तपासून घ्यावे असे आम्हांस वाटते.

सेकोंचा जन्म 1956 सालचा, मिए प्रांतातील कुवाना गावचा. शाळेत असताना 800 व 1500 मीटरच्या शर्यतींत त्यांनी देशातील शालेय विजेतेपद मिळविले. पुढे वासेदा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत ते नापास झाले, वर्षभर अमेरिकेत राहिले आणि अंगाने सुटून परत आले. 1976 साली वासेदात प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांची गाठ कियोशी नाकामुरा यांच्याशी पडली. हे गुरुजी 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये 1500 मीटर धावलेले. तू मॅरेथॉन धाव, असे त्यांनी सांगितले आणि मुलाने ते मानले. मूठभर माती तोंडात घालून, 'हिने जिंकता येत असेल तर मी ही खाईन' असे गुरुजींनी शिष्यांस दाखविल्याची कथा सेकोंनीच सांगितलेली आहे. आपल्या भाषेत माती खाण्याचा अर्थ अगदी निराळा होतो. असो.

या आज्ञाधारकपणाचे फळ नाकारता येणार नाही. 1978 पासून लागोपाठ तीन वर्षे फुकुओकाची मॅरेथॉन सेकोंनी जिंकली. 1981 च्या मार्चमध्ये 25 व 30 किलोमीटरचे विश्वविक्रम एकाच धावेत केले आणि पुढच्याच महिन्यात बोस्टन जिंकले. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकवर जपानने बहिष्कार घातला. तो दोष गुरूचाही नव्हे, शिष्याचाही नव्हे. परंतु 1984 च्या लॉस एंजेलिसचे काय? त्या उन्हाळ्यात टोकियोच्या उकाड्यात सेकोंनी अतोनात सराव केला. शर्यतीपूर्वी लघवीतून रक्त जाऊ लागले, तरी सराव थांबला नाही. गुरुजी स्वतः कर्करोगाने आजारी होते. ज्याच्याकडून सुवर्णपदकाची अपेक्षा होती तो धावपटू चौदावा आला. 'आज धावणे नको' हे शरीर इतक्या स्पष्ट शब्दांत सांगत असता ते ऐकण्याचा अधिकार कोणाचा होता, हा प्रश्न भक्तिपर चरित्रे विचारीत नाहीत.

1985 साली मासेमारीस गेलेले नाकामुरा मृत्यू पावले. गुरू गेल्यावर शिष्य कोलमडावयास हवा होता. घडले ते उलटेच. 1986 साली सेकोंनी लंडन जिंकले आणि त्याच वर्षी शिकागोत 2 तास 8 मिनिटे 27 सेकंद ही आयुष्यातील सर्वोत्तम वेळ नोंदविली. गुरूची शिकवण आता अंगी मुरली होती, असे चाहते म्हणतील. म्हणोत बापडे! आम्हांस तर एवढेच दिसते की, तिसाव्या वर्षी हा मनुष्य प्रथमच स्वतःच्या जबाबदारीवर धावला.

त्यांच्या कीर्तीवरील एक डागही येथे सांगितला पाहिजे. 1988 च्या सोल ऑलिंपिकसाठी जपानी धावपटू 1987 च्या फुकुओका शर्यतीवरून निवडावयाचे, असा संकेत होता. सेको दुखापतीमुळे तेथे उतरलेच नाहीत. पुढे मार्चमध्ये बिवा सरोवराची शर्यत 2 तास 12 मिनिटे 41 सेकंदांत जिंकल्यावर त्यांची निवड झाली. मोठ्या नावासाठी नियम वाकविला, अशी ओरड झाली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. सोलमध्ये ते नववे आले व त्याच वर्षी त्यांनी शर्यती सोडल्या. परंतु पुढे 2016 साली राष्ट्रीय संघटनेच्या मॅरेथॉन-प्रकल्पाची सूत्रे त्यांच्या हाती आली, आणि त्याच प्रकल्पातून 2019 ची निवड-शर्यत निघाली: पहिल्या दोघांस ऑलिंपिकची जागा निश्चित, मग नाव कोणाचेही असो. ज्याच्यासाठी पूर्वी अपवाद झाला त्याच्याच हाताखाली अपवादाची वाट अरुंद झाली. नाट्य शोधणाऱ्या चरित्रकारास याहून चांगले काय हवे?

आता पुन्हा मुराकामींकडे वळू. प्रशिक्षक म्हणून सेकोंना मिळालेले यश, उदाहरणार्थ 1993 सालचा वासेदाचा हाकोने येथील सांघिक विजय, त्यांच्या कथनात येत नाही. परंतु सरावाच्या मैदानावर नेहमी दिसणारे एस अँड बीचे दोन तरुण धावपटू, तानिगुची आणि कानाई, होक्काइदोतील सराव-शिबिराच्या वेळी 1990 साली मोटार-अपघातात मृत्यू पावले, त्यांची आठवण त्यांनी काढली आहे. थोडक्याच ओळी आहेत, पण ज्याने त्या मुलांस रोज धावताना पाहिले त्याच्याच त्या असू शकतात. त्या वाचताना, त्यांचा प्रशिक्षक सेको होते हे आठवून मन थबकते.

या पुस्तकाविषयी आमची तक्रार एकच. सेकोंना तो पहिला प्रश्न करून मुराकामी संतुष्ट झाले. कादंबरीकारास उत्तराहून उत्तराचा सूर अधिक प्रिय, हे आम्ही समजू शकतो. परंतु समोर बसलेला मनुष्य त्या वेळी केवळ धावपटू राहिला नव्हता, इतर तरुणांचा गुरू झाला होता. एखादा शिष्य सकाळी येऊन 'आज धावणे नको' म्हणाला तर तुम्ही त्यास काय सांगता, हे त्यांस विचारावयास हवे होते.