नाव न विचारणारे टेबल

हॉटेलातल्या यंत्रांविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. माणसे मोबाइलमध्ये डोके खुपसून जेवतात, हा एक. काळ बदलला, तक्रार कसली करता, हा दुसरा. मला दोन्ही अपुरे वाटतात. हॉटेलात यंत्र काही काल-परवा आलेले नाही. फिलाडेल्फियात १९०२ साली सुरू झालेल्या ऑटोमॅटमध्ये नाणे टाकले की काचेचे दार उघडून खाणे हाती येई. मुंबईच्या काही इराण्यांकडे ज्यूकबॉक्स असे. नाणे टाकून गाणे निवडायचा एकजण, ऐकावे लागे साऱ्या हॉटेलाला. कुणी वैतागे, कुणी मान डोलवी. म्हणजे वाद यंत्र की माणूस असा नाहीच. यंत्र जे देते ते टेबलाच्या मधोमध पडते की एकेकाच्या तळहातावर, हे पाहायला हवे.

त्यासाठी मी मेन्यूकडे एक संहिता म्हणून पाहतो. नागपुरातल्या साध्या सावजी भोजनालयात ही संहिता आजही बरेचदा मौखिक असते. वाढणारा टेबलाशी उभा राहून मटण, खिमा, कलेजी, अंडाकरी, पाटोडी असे एका दमात म्हणतो. ते सगळ्यांच्या कानी एकदमच पडते. कुणी तिखटाची चौकशी करतो, वाढणारा चेहरा पाहून अंदाज बांधतो. दोन मटण, एक पाटोडी, रस्सा वरून, असा ठराव टेबलावर एकमताने होतो. छापील कार्डाने हे थोडे बदलले, मोडले नाही. एका कार्डावर दोन डोकी वाकतात. उजवीकडचे आकडे पाहून पाहुणा यजमानाच्या खिशाला जपतो. तो संकोचही सहभोजनाचाच भाग.

तिसरी संहिता क्यूआर कोडची. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने हा कोड तयार केला तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. आपल्या टेबलांवर तो सर्रास आला २०२० च्या साथीनंतर, कार्डाला हात लागू नये म्हणून. साथ ओसरली, कोड राहिला. छपाई वाचते, भाव हवे तेव्हा बदलता येतात. मालकाचे गणित समजण्यासारखे आहे. पण आता चौघांच्या हाती चार मेन्यू असतात आणि ठराव होण्याआधीच चार मागण्या नोंदल्या जातात. या संहितेची भाषाही वेगळी आहे. ‘सर्वाधिक खपाचे’, ‘यासोबत हेही घ्या’ असे ती सुचवत राहते. जुना वाढपी मात्र हळूच सांगायचा, ‘भाऊ, आज मटण नका घेऊ, पाटोडी घ्या.’ पडद्याला असे ‘नका घेऊ’ म्हणता येत नाही.

ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली तीनशेहून अधिक माणसांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आप्तमित्रांसोबत जेवताना ज्यांचा फोन टेबलावर होता, त्यांना फोन दूर ठेवणाऱ्यांपेक्षा जेवणाची मजा कमी आली. फरक फार मोठा नव्हता, पण होता. तिथे फोन निदान जेवणाऱ्याचा स्वतःचा विषय होता; आता तो हॉटेलच काढायला लावते.

तरीही मला वाढप्याचे गोडवे गायचे नाहीत. वाढपी कपडे पाहतो, बोली ऐकतो, एकट्या बाईला कोपरा दाखवतो. ज्यांनी ही नजर सोसली आहे, त्यांना पडदा सुटकेसारखा वाटला तर नवल नाही. पडदा सर्वांना एकच भाव दाखवतो. ऐकू न येणाऱ्याला मागणी नोंदवणे सोपे होते. मग बिघडले कुठे?

माझ्या मते, नावापाशी. पंगतीत कोण कुणाशेजारी बसणार हे जात ठरवी. पैसे टाकून कुणीही बसावे अशी हॉटेलची कल्पना त्या व्यवस्थेला छेद देणारी होती; वेगळ्या कपांनी ती वर्षानुवर्षे खोटी पाडली, हेही खरे. म्हणूनच संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. १९५६ ची दीक्षाभूमी ज्या शहरात आहे, तिथे हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे आडनाव सांगणे म्हणजे पुष्कळदा जात सांगणे. म्हणून चहाच्या पैशांत निनावी बसता येणे ही लहान सवलत नव्हती. ती लढून मिळालेली मोकळीक होती.

धरमपेठेतल्या एका हॉटेलात कोड उघडल्यावर पदार्थांआधी माझे नाव आणि मोबाइल नंबर मागितला गेला. कार्ड नाही, असे उत्तर मिळाले. नोंद करणाऱ्याच्या मनात जात नसेलही. पण निनावीपण गेले ते गेलेच. आपण काय खातो, कितीदा खातो हे आता नावासकट कुठेतरी साठते; आणि ताटात काय आहे यावरून माणूस जोखणारा आपला समाज आहे. ग्राहकांकडे मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ साली किरकोळ विक्रेत्यांना बजावले होते. खाण्याच्या टेबलावर त्याची गरज अधिकच आहे.

कोड राहू द्या. फक्त प्रत्येक टेबलाला एक छापील कार्ड असावे, आणि पदार्थांची यादी पाहण्यासाठी नाव-नंबर लागू नये. तोवर नंबर न देता कार्ड मागायचे. चौघांनी मिळून मागितले, तर टेबलावरचा पहिला ठरावही तिथेच होईल.