खडकलाटची लेक, पडद्यावरची आई

निपाणी-चिकोडीच्या मुलखातले खडकलाट हे सुलोचना लाटकर यांचे जन्मगाव. ३० जुलै १९२८ हा त्यांचा जन्मदिवस. ४ जून २०२३ रोजी मुंबईत त्या गेल्या, तेव्हा साऱ्यांनी त्यांना 'पडद्यावरची आई' म्हणून निरोप दिला. ते खरेच आहे; पण एवढ्याने त्यांच्या अभिनयाचे मोल होत नाही.

गावाकडून त्यांनी जी बोली नेली ती आपलीच, कानडीच्या शेजारात वाढलेली. आपल्याकडे बायकाही 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. कानडीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नसतो, त्याची ही सावली. मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समधून कोल्हापुरी चित्रसृष्टीत शिरलेल्या या मुलीला भालजी पेंढारकरांनी 'सुलोचना' हे नाव दिले आणि जयप्रभा स्टुडिओत तिची वाणी घडवून घेतली. 'सासुरवास' (१९४६), 'मीठभाकर' (१९४९) ही त्या शाळेची फळे. १९५३ साली य. गो. जोशींच्या कथेवरचा 'वहिनींच्या बांगड्या' आला आणि घरोघरच्या बायकांना त्या आपल्या वाटू लागल्या.

मला वाटते, कष्टाने कमावलेल्या या वाणीतच त्यांच्या अभिनयाचे मर्म आहे. वाक्य त्या कधी उधळत नाहीत. बोलण्याआधी क्षणभर थांबतात, समोरच्याचे पुरते ऐकतात, आणि त्या थांबण्यात अर्धा प्रसंग होऊन जातो.

याची उत्तम साक्ष बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त (१९५९) मिळते. सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवरचा हा चित्रपट. पण त्यातल्या चारही प्रमुख स्त्रिया मराठी. नूतन, सोलापूरच्या शशिकला, येवल्याच्या ललिता पवार आणि आपल्या सुलोचनाबाई. ललिताबाईंची आत्या अस्पृश्यता उघड बोलून दाखवते. तिच्यावर रागावणे सोपे आहे. सुलोचनाबाईंची चारू मात्र दलित मुलीला पदराखाली वाढवते, आणि ओळख करून देताना 'मुलगी' न म्हणता 'मुलीसारखी' म्हणते. त्या 'सारखी'त सगळा समाज उभा आहे. चारू दुष्ट नाही, आणि म्हणूनच तिच्यावर रागावताना आपल्याला स्वतःकडे पाहावे लागते. शेवटी सुजाताच्या रक्ताने तिचा जीव वाचतो, तेव्हा कुठे तो शब्द गळतो. ही आई चुकते, म्हणून ती खरी वाटते.

दुर्दैव असे की हिंदी चित्रपटाला पुढे चुकणारी आई नको होती. त्याच १९५९ साली, वयाच्या जेमतेम एकतिशीत, 'दिल देके देखो'मध्येही त्या आईच झाल्या. मग 'कटी पतंग', 'जॉनी मेरा नाम' अशी रांग लागली. पांढरे पातळ, देवापुढचे निरांजन, हरवलेला मुलगा. त्या भूमिकांत त्यांनी कसूर केली नाही. पण लेखकांनीच फारसे काही दिले नाही. मराठीने त्यांना 'मराठा तितुका मेळवावा'त (१९६४) जिजाबाई आणि 'एकटी'त (१९६८) मुलाची वाट पाहणारी माउली दिली, म्हणून तोल राहिला. १९९९ साली पद्मश्री आणि पुढे महाराष्ट्र भूषणही मिळाले.

आता थोडे स्वतःविषयी. मी तीस वर्षे मराठी शिकवतो. 'सर, मी उद्या येतो' म्हणणाऱ्या मुलीला मी दर वेळी वर्गासमोर थांबवून 'येते म्हण' असे सांगत आलो. एकदा एक मुलगी त्यानंतर वर्षभर वर्गात बोललीच नाही. प्रमाणभाषा यायलाच हवी, याविषयी मला आजही शंका नाही. ती आली नसती तर सुलोचनाबाई खडकलाटच्या बाहेर ऐकू आल्या नसत्या. पण भालजींनी त्या मुलीची वाणी घडवली, तोंड बंद केले नाही. हा फरक मला फार उशिरा कळला.

१९५६ साली आपला मुलूख म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून आपण आपले मराठीपण सिद्ध करत आलो आहोत, आणि त्या घाईत आपल्याच लेकरांच्या बोलीला 'मराठीसारखी' म्हणत आलो आहोत. चारूचा तो शब्द आपल्याही तोंडी आहे. तो आपण टाकला, तर खडकलाटच्या या लेकीला खरी आदरांजली वाहिली असे होईल.