ग्रिफिनचे माहेर आणि शरभाची पायरी

गरुडाचे तोंड, सिंहाचे धड आणि पाठीला पंख असलेल्या ग्रिफिन या काल्पनिक प्राण्याची आपल्याकडच्या मुलांना ओळख झाली ती हॅरी पॉटरमधल्या ‘ग्रिफिंडॉर’ या नावामुळे. त्यामुळे हा प्राणी मुळातच युरोपचा, असा समज आहे. पण त्याच्याविषयी लिहिणाऱ्या जुन्या ग्रीक ग्रंथकारांपैकी एकाने त्याचे गाव, घर आणि रीतभात सांगितली आहे, आणि ते गाव भारतात आहे. दुसरीकडे, गडकिल्ल्यांच्या दरवाजांवरील शिल्पांविषयी मराठीत जे हौशी लेखन होते, त्यात ‘शरभ म्हणजे आपला ग्रिफिन’ हे वाक्य मला अनेकदा भेटले आहे. वाक्य सुटसुटीत आहे, फलकावर लिहायला सोयीचे आहे. ते खरे आहे का, हे दोन्हीकडचे मूळ मजकूर शेजारी ठेवून तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

क्टेसियसचा भारत

क्टेसियस हा ग्रीक वैद्य. इसवी सनापूर्वी 400 च्या सुमारास तो इराणी सम्राट दुसरा अर्तक्षत्र याच्या दरबारी होता. त्याने भारतावर ‘इंडिका’ हा ग्रंथ लिहिला, पण भारतात तो कधीच आला नाही. दरबारात येणारे व्यापारी, दूत आणि नजराणे हाच त्याचा भारत. मूळ ग्रंथ हरवला. नवव्या शतकात फोशियस या बायझंटाइन धर्मगुरूने केलेला सारांश आणि इतर लेखकांनी घेतलेले उतारे तेवढे उरले. जे. डब्ल्यू. मॅक्रिंडल यांनी ते एकत्र करून 1882 मध्ये इंग्रजीत आणले. माझ्यासारख्या विद्यापीठाबाहेरच्या माणसाला क्टेसियस भेटतो तो या वाटेने.

सारांशातला ग्रिफिन असा : चार पायांचा पक्षी, आकाराने लांडग्याएवढा, पाय आणि नख्या सिंहाच्या, पिसे काळी, छाती तेवढी तांबडी. भारतातल्या ज्या डोंगरांत सोने पुष्कळ आहे तिथे त्याची वस्ती, आणि त्याच्यामुळेच ते सोने हाती लागणे अवघड. हेरोडोटसनेही सोने राखणारे ग्रिफिन सांगितले आहेत, पण त्याने त्यांना उत्तरेकडच्या दूरच्या मुलखात ठेवले. भारतातले सोने त्याने मुंग्यांकडे सोपवले. या सोने उकरणाऱ्या मुंग्यांची आपल्याकडेही खूण आहे. महाभारताच्या सभापर्वात युधिष्ठिरासाठी आलेल्या नजराण्यांत ‘पिपीलिक’ सोन्याचा उल्लेख येतो. म्हणजे दूरच्या सोन्याबरोबर प्राण्याची एक गोष्ट येणे, ही त्या काळच्या व्यापाराची रीतच दिसते.

ही रीत समजून घेण्यासारखी आहे. माल दुर्मीळ असेल तर भाव चढतो, आणि माल दुर्मीळ का, याला कारण लागते. हेरोडोटसच्याच ग्रंथात अरबस्तानातली दालचिनी मोठे पक्षी घरट्यांसाठी वाहून नेतात आणि माणसे ती युक्तीने मिळवतात, अशी कथा आहे. सोन्यावर ग्रिफिन, दालचिनीवर पक्षी. राखणदार जितका भयंकर, तितका माल महाग आणि तितकी दुसऱ्या व्यापाऱ्याची त्या वाटेला जाण्याची हिंमत कमी. त्यामुळे ‘ग्रिफिन सोने राखतात’ हे वाक्य प्राणिशास्त्रापेक्षा बाजाराचे वाक्य म्हणून वाचले, तर अधिक नीट लागते.

एलियनने टिपलेला आक्षेप

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी एलियन या रोमन लेखकाने प्राण्यांवर ग्रीक भाषेत एक मोठा संग्रह केला. इटलीच्या बाहेर कधीच न गेलेला लेखक अशी त्याची ख्याती होती. त्याच्या चौथ्या खंडात ग्रिफिनवर एक प्रकरण आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत मोलाचा मजकूर तोच आहे.

आधी तो रंगरूप सांगतो : पाठीची पिसे काळी, पुढची तांबडी, पंख पांढरे, क्टेसियसच्या मते मान निळी, चोच गरुडाची, डोळे विस्तवासारखे. मोठा झालेला ग्रिफिन कुणाच्या हाती लागत नाही, पिल्ले मात्र पकडता येतात. सोन्यासाठी निघालेली माणसे हजार-दोन हजारांच्या सशस्त्र टोळ्यांनी, चांदणे नसलेल्या रात्री खणायला जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी घरी परततात.

आणि मधेच तो एक मतभेद नोंदवतो. भारताच्या शेजारचे बॅक्ट्रियन लोक म्हणतात की हे प्राणी सोने राखतात आणि सोन्याचीच घरटी बांधतात. भारतीय लोक मात्र हे नाकारतात. त्यांचे म्हणणे असे की ग्रिफिनला सोन्याची गरजच नाही. माणसे तिथे खणायला आली की त्याला आपल्या पिल्लांची भीती वाटते, म्हणून तो लढतो. एलियन स्वतः या दुसऱ्या बाजूला कौल देतो.

हा आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. प्राणी काल्पनिक आहे, तरी त्याच्या स्वभावाविषयी दोन साक्षी आहेत, आणि त्यांत फरक आहे. शेजाऱ्याची साक्ष सोन्याभोवती फिरते, कारण त्याचा संबंध सोन्याशी. ज्याच्या मुलखात तो प्राणी राहतो असे सांगितले जाते, त्याची साक्ष पिल्लांभोवती फिरते. रानात वावरणाऱ्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. पिल्ले जवळ असलेली रानडुकरीण अंगावर का येते, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तो ‘भारतीय’ खरोखर कोण होता, की बॅक्ट्रियातल्याच कुणी ते त्याच्या तोंडी घातले, याने फारसे बिघडत नाही. मजकुरात स्थानिकाचा आवाज उरला आहे, आणि तो परक्याने रचलेल्या दंतकथेला दुरुस्त करतो आहे.

नंतरच्या अभ्यासकांनी या आवाजाकडे फारसे लक्ष दिले नाही, ही माझी तक्रार आहे. एड्रियन मेयर यांनी 2000 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात असे मांडले की गोबीच्या वाळवंटातले चोचीचे डायनोसॉर, प्रोटोसेराटॉप्स, यांचे सांगाडे सोने शोधणाऱ्यांना दिसले आणि त्यातून ग्रिफिन जन्मला. कल्पना मोहक होती, जगभर पसरली. 2024 मध्ये मार्क विटन आणि रिचर्ड हिंग या संशोधकांनी तिचे खंडन केले. हे जीवाश्म सोन्याच्या जागांपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत, जमिनीत गाडलेल्या सांगाड्याचा थोडाच भाग वर दिसतो, आणि ग्रिफिनची चित्रे गरुड व सिंह यांच्या मिश्रणाने पुरेशी समजतात, असे त्यांचे मुद्दे. मला ते पटतात. माझा आणखी एक मुद्दा त्यांत जोडतो : सांगाड्यावरून कदाचित रूप सुचेल, पण ‘सोन्यासाठी नव्हे, पिल्लांसाठी’ हा वाद सांगाड्यावरून निघत नाही. तो माणसांतला वाद आहे.

शरभ : शेळीपासून सिंहाच्या वर

आता आपल्या बाजूला येऊ. ग्रिफिनची कहाणी मुलखाची आहे, तर शरभाची कहाणी बढतीची. ऐतरेय ब्राह्मणात यज्ञाला योग्य असलेले सत्त्व एकेका पशूतून निघून जाते आणि तो पशू दुसऱ्या रानटी पशूत बदलतो, असे कथन आहे. तिथे शेळीपासून शरभ होतो. अमरकोशात शरभ गवा आणि ससा यांच्या पंगतीला बसतो. पाली जातकांत एका बोधिसत्त्वाचे नावच शरभमृग आहे : शिकारीला आलेला राजा खड्ड्यात पडतो आणि तोच हरिण त्याला बाहेर काढतो. जातके मराठीत दुर्गाबाई भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’ म्हणून आणली आहेत. एकूण, या थरात शरभ रानातला एक चरणारा पशू आहे. पंख नाहीत, चोच नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात तो एकदम वर चढतो. भीष्म युधिष्ठिराला एक गोष्ट सांगतात. एका ऋषीच्या आश्रमात एक कुत्रा असतो. बिबट्या आला म्हणून ऋषी त्याला बिबट्या करतो, वाघ आला म्हणून वाघ, मग हत्ती, मग सिंह. शेवटी सिंहांना मारणारा, आठ पायांचा, मांसभक्षक शरभ येतो, तेव्हा ऋषी त्या कुत्र्याला शरभ करतो. तो शरभ ऋषीलाच खायला निघतो आणि ऋषी त्याला पुन्हा कुत्रा करून टाकतो. भीष्मांचे तात्पर्य सेवकांच्या नेमणुकीविषयी आहे : शरभाला शरभाच्या जागी ठेवावे, सिंहाला सिंहाच्या, कुत्र्याला कुत्र्याच्या. गोष्टीत शरभाचा देश कुठला, तो घरटे कशाचे बांधतो, याला जागाच नाही. शरभ हे शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीचे नाव आहे.

याच पायरीवर पुढे शैव पुराणकारांनी पाय ठेवला. लिंगपुराणात नरसिंहाला आवरण्यासाठी शिव शरभरूप घेतो. सिंहाच्या वर शरभ हे आधीच ठरलेले होते, म्हणूनच ही कथा बसते. पंख आणि चोच शरभाला ठळकपणे येतात त्या या थरात. वैष्णवांनी याला उत्तर म्हणून दोन तोंडांचा गंडभेरुंड पुढे केला. एकाने पायरी वाढवली की दुसऱ्याने आणखी एक वाढवायची, असा तो व्यवहार.

आता एलियनचे एक वाक्य शेजारी ठेवा. ग्रिफिन इतर सर्व पशूंना सहज हरवतो, पण सिंह आणि हत्ती यांच्या वाटेला जात नाही, असे तो म्हणतो. आपल्या शरभाची तर ओळखच सिंहाला आणि हत्तीला भारी पडणारा अशी. दोघांच्या अंगांची बेरीज सारखी दिसली तरी पायऱ्या उलट्या आहेत. ‘शरभ म्हणजे आपला ग्रिफिन’ हे वाक्य इथेच पडते. रूपाने ग्रिफिनचा जवळचा नातेवाईक शोधायचा तर तो सांचीच्या तोरणांवरच्या सपक्ष सिंहांत आहे, किंवा शिल्पशास्त्राच्या व्यालांत. ‘अपराजितपृच्छा’ या ग्रंथात डोक्यावरून सोळा व्याल सांगितले आहेत : सिंह, गज, अश्व, नर अशा क्रमाने. त्यांत शुकव्याल, म्हणजे पोपटाच्या तोंडाचा, आहे. मधुसूदन ढाकी यांनी 1965 मध्ये व्यालांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. मंदिराच्या भिंतीवरचा प्राणी ओळखायला ही नावे शरभापेक्षा जास्त उपयोगी आहेत.

दरवाजावरचे जनावर

मी पिंगळीत राहतो. परभणी–पूर्णा रेल्वेमार्गावरचे हे गाव, आणि पिंगळेश्वराच्या मंदिराजवळची बारव ही त्याची ओळख. अलीकडे वालूर, चारठाणा, पिंगळी अशी फेरी करणारे पुण्या-मुंबईचे अभ्यासू लोक वाढले आहेत, आणि त्याचा मला आनंद आहे. त्यांच्यामुळे मला वेगवेगळ्या ठिकाणचे फोटो पाहायला मिळतात. ‘हा शरभ ना?’ हा ठरलेला प्रश्न. फोटोत बहुधा चार पायांचे, बिनपंखांचे, सिंहासारखे जनावर असते, पंजाखाली हत्ती. ग्रंथातले आठ पाय मोजले तर हा शरभ नाही. पंख शोधले तर हा ग्रिफिनही नाही.

तरीही त्याला शरभ म्हणायची चाल पडली आहे, आणि नावापुरती ती मी मान्य करतो. आक्षेप आहे तो नावापाठोपाठ येणाऱ्या दोन अर्थांना. पहिला अर्थ : शरभ म्हणजे शिवाचा अवतार, म्हणून हा दरवाजा शैव. दुसरा : सिंह म्हणजे मराठे, हत्ती म्हणजे सुलतान. दोन्ही अर्थ एका जंजिऱ्यावर अडखळतात. सिद्दीच्या त्या किल्ल्याच्या दरवाजावर असेच जनावर हत्तींना पंजांत धरून आहे, आणि तो किल्ला मराठ्यांना कधीच मिळाला नाही. बिदरच्या किल्ल्याचा एक दरवाजा ‘शर्जा दरवाजा’ म्हणून ओळखला जातो, तो वाघांच्या शिल्पांमुळे. विजयनगरच्या अच्युतरायाच्या (1529–1542) नाण्यांवर गंडभेरुंड हत्तींना उचलून नेतो. तिथे सुलतान आणि मराठे ही जोडी लावायची कशी? सिद्दी, बहमनी, विजयनगर, मराठे, सगळ्यांच्या दारी एकच व्याकरण आहे : हत्तीएवढ्या बळाच्या वर आणखी एक बळ असते, आणि ते आत राहते. हे भीष्माच्या गोष्टीतल्या शिडीचे व्याकरण आहे. ते कुठल्याही एका पंथाच्या मालकीचे नाही.

गेल्या वर्षी जवळच्या एका गावातल्या मंदिर समितीने पायरीजवळच्या अशाच एका शिल्पासाठी माझ्याकडे फलकाचा मजकूर मागितला. शिल्पाला ऑइलपेंट द्यायचे आणि खाली ‘शरभ – शिवाचा अवतार’ लिहायचे असे ठरत होते. गावातल्या म्हाताऱ्या बायका त्या जनावराला नुसते ‘वाघ’ म्हणतात आणि येता-जाता त्याला हात लावतात. मी समितीला दोनच ओळी दिल्या : ‘हत्तीवर पंजा ठेवलेले सिंहसदृश जनावर. गावात याला वाघ म्हणतात.’ रंग देऊ नये, दगडावरची छिन्नीची खूण त्याने बुजते, एवढे तोंडी सांगितले. एका तरुण सदस्याने विचारले, “काका, यात माहिती काय दिली तुम्ही?” त्याचा प्रश्न रास्त होता. मी त्याला म्हटले, पाहून जे खरे आहे तेवढे पहिल्या ओळीत आहे, आणि ज्यांचे ते आहे ते त्याला काय म्हणतात, हे दुसऱ्या ओळीत. फलक लागला. ‘शरभ’ हा शब्द कंसात घालावा असा आग्रह झाला, तो मी मान्य केला. अवताराची ओळ गळली.

अभ्यासकांना माझी विनंती एवढीच आहे. फोटोखाली नाव लिहिण्याआधी पाय मोजा, पंख पाहा, चोच आहे की जबडा ते पाहा, आणि गावात त्याला काय म्हणतात ते विचारून तारखेसह लिहून ठेवा. एलियनने परक्या मुलखातल्या माणसांचा एक नकार टिपला, म्हणून अठराशे वर्षांनंतरही आपल्याला तो वाद वाचता येतो. आपल्या दरवाजांवरच्या जनावरांविषयी घरोघरी जे बोलले जाते, ते टिपणारे लोक आज आहेत. ज्या पिढीला ते माहीत आहे, ती मात्र फार दिवस असणार नाही.