बूट कोणाचे, हात कोणाचे

व्हॅन गॉगने १८८६ साली पॅरिसमध्ये रंगवलेल्या जुन्या बुटांवर जितकी शाई खर्च झाली, तितकी खऱ्या बुटांच्या वाट्याला क्वचितच आली असेल. हायडेगरला त्या बुटांत शेतकरी स्त्रीचे कष्टमय जग दिसले. १९६८ मध्ये मेयर शापिरोने हरकत घेतली की बूट शहरात राहणाऱ्या चित्रकाराचे स्वतःचेच आहेत. दहा वर्षांनी देरिदाने विचारले, ही जोडी तरी आहे कशावरून? या वादावर मीही एके काळी लांबलचक लेख लिहिला होता. बूट शिवले कोणी, हा प्रश्न त्या लेखात एकदाही येत नाही. ही उणीव मला उमगली ती माझ्याच बुटांचा तळ झिजून गेला तेव्हा, सांगलीतल्या एका चर्मकाराच्या टपरीवर.

बूट परदेशातल्या भाच्याने दिलेले, अमेरिकी ‘हेरिटेज वर्क बूट’ धाटणीचे. तळ उचकटून आतला बुचाचा थर खरवडल्यावर कारागीर थांबले. मी म्हटले, ‘काका, यावर हाताने बनवलेले असे छापले आहे.’ ते म्हणाले, ‘हात लागला असंल की सर, पर ही शिलाई हाताची न्हवं. ही कापडाची पट्टी चिकटवलीया बघा.’

हाताच्या शिलाईत आतल्या तळाच्या जाड चामड्यातच रापीने कंगोरा कोरतात. त्यात आरीने तिरके भोक पाडतात आणि मेण लावलेल्या दोऱ्याची दोन्ही टोके समोरासमोरून त्याच भोकातून ओढून आवळतात. वरचे चामडे, आतला तळ आणि भोवतीची वेल्ट नावाची पट्टी एकजीव होतात. बाहेरचा तळ मग केवळ या वेल्टला शिवायचा, म्हणजे तो झिजला तरी बाकीच्या बुटाला धक्का न लावता बदलता येतो. चार्ल्स गुडइयर ज्युनिअरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रपद्धतीत कंगोरा बहुधा कोरत नाहीत, कापडी पट्टी चिकटवून उभा करतात. असे बूटही वर्षानुवर्षे टिकतात. माझी तक्रार यंत्राविषयी नाही, छापलेल्या शब्दाविषयी आहे.

शिवाय यंत्रामागेही हात असतोच. वरचे चामडे लाकडी फर्म्यावर ओढून बसवणे हे काम यंत्राला बराच काळ साधले नव्हते. हातकारागीर दिवसाला पन्नासेक जोड बसवत. सुरिनाममध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय कामगार यान मात्सेलिगर मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी कारखान्यात काम करीत होता. त्या कारागिरांच्या बोटांच्या हालचाली यंत्रात उतरवून त्याने १८८३ साली पेटंट मिळवले. पुढे अशा यंत्रावर दिवसाला सातशेपर्यंत जोड निघू लागले. मात्सेलिगर १८८९ साली, चाळिशीही न गाठता, क्षयाने गेला.

आता शैलीकडे. अमेरिकेच्या वायव्येकडील लाकूडतोड्यांच्या बुटाला उंच टाच आली ती उतारावर रोवून उभे राहता यावे म्हणून. तिथल्या अनेक बुटांत वरचे चामडे आत न वळवता बाहेर मुडपून तळाला शिवतात. रानातला वणवा विझवणारे आजही याच घराण्यातले, किमान आठ इंच उंचीचे, उष्णतेने न वितळणाऱ्या तळाचे चामडी बूट घालतात. त्यांच्या पायात ती टाच शैली नसते, गरज असते. शहरी हौशी माणसाच्या पायात (त्यात मीही आलो) तीच टाच अलंकार होते. एवढ्यावरून मी तिला खोटी म्हणणार नाही. शेतातले घोंगडे दिवाणखान्यात आले म्हणून त्याची वीण बिघडत नाही.

माझी नापसंती दुसऱ्याच गोष्टीला आहे. वरून काळे आणि पोटात तपकिरी असे चामडे या बुटांसाठी मुद्दाम निवडले जाते. काळा रंग लवकर उडावा, खालचा तपकिरी दिसावा आणि बूट अनुभवी वाटावेत, ही त्यामागची योजना. चामडे उत्तम असू शकते, पण घासलेपण इथे आगाऊ विकलेले असते. माझ्या बुटांची टोके दोन पावसाळ्यांत तपकिरी झाली होती आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. मी त्या बुटांनी केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे विद्यापीठाचा चढ चढणे.

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरी वळणाची चप्पल दाखवली, तेव्हा आपल्याकडेही ‘चप्पल कोणाची’ यावरून रान उठले. उठायलाच हवे होते. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे मालकी सांगणे सोपे गेले. चामडे कसे कमावतात, तळ कसा शिवतात, वेणी कशी गुंफतात याविषयी मात्र त्या गदारोळात मला फार थोडे वाचायला मिळाले.

काकांनी सुटलेली पट्टी काढून टाकली आणि आतला तळ अंगठ्याने दाबून पाहिला. ‘जाड हाय. कोरून बसतंय,’ म्हणाले. चार दिवस लागले. बूट परत देताना त्यांनी जीभ उलटून दाखवली. आतल्या बाजूला कोणीतरी बॉलपेनने घाईत एक आकडा लिहिला होता. सहा वर्षांत मी तो पाहिला नव्हता.