रोजनिशीची साक्ष : आनंद रंग पिळ्ळै यांच्या दैनंदिनीचे साधनमूल्य

व्यक्तिगत दैनंदिनी प्रकाशनासाठी लिहिलेली नसते, म्हणून ती अधिक प्रामाणिक असते, असे गृहीतक इतिहासलेखनात वारंवार आढळते. ते तपासण्यास पुदुच्चेरीचे व्यापारी व फ्रेंच कंपनीचे दुभाषी आनंद रंग पिळ्ळै (१७०९–१७६१) यांच्या तमिळ रोजनिशीइतके उपयुक्त साधन क्वचितच सापडेल. १७३६ पासून १७६१ पर्यंतच्या या नोंदींचे इंग्रजी भाषांतर १९०४ ते १९२८ या काळात मद्रास येथे बारा खंडांत प्रसिद्ध झाले. (मराठी अभ्यासकास 'रोजनिशी' म्हणताच गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेली पेशव्यांची रोजनिशी आठवते, परंतु ती दप्तरी नोंद होय, तिच्यात कोणाचे मन नाही.)

पिळ्ळै यांचे बळ कालसान्निध्यात आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये पाहिलेले सुमारे पाव शतकानंतर 'माझा प्रवास'मध्ये लिहितात. तेथे स्मृतीने घटनांना कथेचा घाट दिलेला असतो. पिळ्ळै लिहितात तेव्हा उद्या काय होणार हे त्यांस ठाऊक नसते. जहाजांची ये-जा, मालाचे व्यवहार, आलेली पत्रे यांविषयीच्या त्यांच्या नोंदी म्हणूनच सामान्यतः विश्वसनीय ठरतात. त्या लिहिण्यात त्यांचा काही हेतू साधत नव्हता.

अडचण सुरू होते ती संवादांपाशी. गव्हर्नर डुप्ले व लेखक यांची दीर्घ संभाषणे जशीच्या तशी झाल्यासारखी दिली आहेत, आणि त्यांत लेखकाच्या चातुर्याची प्रशंसा वारंवार होते. डुप्ले तमिळ बोलत नसे. म्हणजे उपलब्ध वाक्ये ही परभाषेतील बोलण्याचे तमिळ रूप, तेही एका पक्षकाराने लिहिलेले, आणि इंग्रजी वाचकासाठी पुन्हा भाषांतरित. असे असूनही ही वाक्ये डुप्लेचे शब्द म्हणून अवतरणचिन्हांत उद्धृत करण्याची प्रथा पडली आहे. ती समर्थनीय नाही.

सप्टेंबर १७४८ मध्ये, इंग्रजांच्या वेढ्याच्या काळात, पुदुच्चेरीतील वेदपुरीश्वराचे देवालय पाडले गेले. या प्रसंगाची पिळ्ळै यांची नोंद प्रत्यक्षदर्शी समकालीनाची असल्याने अमूल्य आहे. तीत दोष प्रामुख्याने मादाम डुप्ले व जेसुइट पाद्री यांच्याकडे जातो. तो निराधार आहे असे नव्हे. परंतु मादामशी लेखकाचे वैर जुने होते, आणि हिंदू समाजाचा प्रमुख व मुख्य दुभाषी या नात्याने त्यांचे स्वतःचे उत्तरदायित्व किती, हा प्रश्न वाचकासच उपस्थित करावा लागतो. एकांतात लिहिणारा मनुष्यही स्वतःपुढे आपली बाजू मांडीत असतो. येथे कंपनीचा पत्रव्यवहार व कौन्सिलचे ठराव शेजारी ठेवल्यावाचून निर्णय करता येत नाही.

रघूजी भोसल्यांच्या १७४०–४१ च्या कर्नाटक स्वारीचा प्रश्न निराळा आहे. दोस्त अलीचा वध, चंदासाहेबाच्या कुटुंबाने पुदुच्चेरीत घेतलेला आश्रय, त्रिचनापल्लीचा पाडाव या घटनांपैकी केवळ दुसरी लेखकाच्या गावची, बाकीच्या ऐकीव. त्रिचनापल्लीत काय घडले यासाठी या नोंदी दुय्यम ठरतात. पण मराठी फौजांची वार्ता किनाऱ्यावर कोणत्या दिवशी व किती विपर्यस्त होऊन पोचली, आणि तिने व्यापारी पेठेत कशी धास्ती भरली, हे मराठी कागदांत मिळत नाही. त्या गोष्टीपुरती पिळ्ळै यांची अफवाही अस्सल पुरावा आहे.