पारख्यांची बाजू

‘स्काउट’ म्हटले की आपल्याकडे बालवीर आठवतो. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये मात्र स्काउट म्हणजे होतकरू खेळाडू हेरणारा पारखी. शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर हंगामभर हिंडायचे, सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचा खेळ न्याहाळायचा आणि संघाकडे लेखी अहवाल धाडायचा, हा त्याचा व्यवसाय. या पारख्यांची प्रतिमा ज्या ग्रंथाने बरीच डागाळली, तो मायकेल लुईस यांचा ‘मनीबॉल’ (२००३).

ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या बेताच्या ऐपतीच्या संघाने आकडेवारीच्या बळावर दुर्लक्षित खेळाडू कसे निवडले, त्याची ही हकिगत. लुईस यांची शैली वेधक आहे. देहयष्टीला भुलून गुणी खेळाडू नाकारले जातात, हा त्यांचा मुद्दाही आम्हांस मान्य आहे. परंतु तो ठसविण्याच्या भरात त्यांनी जुन्या स्काउटांना हेकट, कालबाह्य मंडळी म्हणून रंगविले. कथानायक बिली बीन हे १९८० मध्ये पहिल्याच फेरीत निवडले गेलेले, दिसायला रुबाबदार. खेळाडू म्हणून मात्र त्यांना यश लाभले नाही. एका फसलेल्या पारखेवरून सबंध व्यवसायाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्याय्य नव्हे.

याच विषयावरील केव्हिन केरेन यांचा ‘डॉलर साइन ऑन द मसल’ (१९८४) हा ग्रंथ आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. केरेन हे इंग्रजीचे प्राध्यापक. १९८१ मध्ये फिलाडेल्फिया फिलीज संघाच्या स्काउटांच्या सहवासात राहून त्यांनी तो सिद्ध केला. ते स्काउटांना त्यांच्याच बोलीत बोलू देतात. निवाडा करण्याची घाई करीत नाहीत. म्हणूनच या कामामागील शिस्त वाचकास उमगते.

ही शिस्त साधी नव्हे. फटका लावणे, तो दूर धाडणे, धावणे, चेंडू फेकणे आणि क्षेत्ररक्षण या पाच गुणांना वीस ते ऐंशी या मापात गुण देण्याची रीत आहे. पन्नास म्हणजे अव्वल साखळीतील सरासरी खेळाडू. प्रत्येक बाबीत दोन आकडे नोंदवायचे: एक आजचा, दुसरा पुढे अपेक्षित असलेला. पहिला घड्याळ लावूनही मिळेल. दुसऱ्यासाठी मुलाचे खांदे अजून किती भरतील, चूक झाल्यावर तो कसा वागतो, हे पुनःपुन्हा जाऊन पाहावे लागते. नवोदिताच्या पहिल्या संग्रहावर अभिप्राय देणाऱ्या समीक्षकाची जोखीम याहून फारशी निराळी नसते.

‘मनीबॉल’मध्ये रंगविलेल्या २००२ च्या निवडीकडेच पाहू. शाळकरी चेंडूफेक्यांवर पैसा लावू नये, हे ओकलंडचे सूत्र. त्यांच्या सोळाव्या क्रमांकाच्या निवडीनंतर लगेच फिलीजची पाळी आली आणि त्यांनी कोल हॅमल्स हा शाळकरी मुलगा घेतला. शाळेत असताना त्याचा दंड मोडला होता. २००८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. उलट लुईस यांचा लाडका जेरेमी ब्राउन अव्वल साखळीत २००६ मध्ये अवघे पाच सामने खेळला. अर्थात दोन उदाहरणांनी वाद मिटत नाही. ओकलंडने सोळाव्या क्रमांकावर घेतलेला निक स्विशरही यशस्वी झालाच.

२०१९ पर्यंत चाळीस फेऱ्यांची असलेली ही निवड २०२१ पासून वीस फेऱ्यांवर आली. चेंडूच्या गिरक्याही आता यंत्रे मोजतात. परंतु आडगावच्या ज्या मुलाच्या नावावर अद्याप आकडेच जमलेले नाहीत, त्याच्यासाठी कोणीतरी वाट वाकडी करून जावेच लागते. लुईस वाचलेल्यांनी केरेन अवश्य वाचावेत, ते याचसाठी.